येथे पहिल्या नंबरला आणून मिळेल

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर, रसवंतीच्या वरच्या मजल्यावर माझं दुकान होतं. बोर्डावर आधी तीन ओळींत तीनच शब्द होते: इंटरनेट, झेरॉक्स, टायपिंग. दोन वर्षांनी मी त्याखाली चौथी ओळ रंगवून घेतली, 'आपली वेबसाइट येथे पहिल्या नंबरला आणून मिळेल.' पेंटरने शिडीवरूनच विचारलं, "ताई, पैला नंबर कशात?" मी म्हटलं, "सगळ्यात." तो बिचारा मान हलवून रंगवत राहिला. त्या ओळीवर शंका घेणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस. पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी कुणी कधी विचारलं नाही.

आज माझी भाची हेच काम पुण्यात करते आणि त्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव आहे. आमच्या वेळी नावच नव्हतं. घरी आई सांगायची, सुजाता कॉम्प्युटरवर लोकांच्या जाहिराती चिकटवते. तिचं फारसं चुकत नव्हतं.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वेबसाइट बनवली म्हणजे काम झालं असं लोकांना वाटायचं. पण ती कुठं आहे हे जगाला कोण सांगणार? त्यासाठी एकेका सर्च इंजिनचा फॉर्म भरायचा, "आमची ही साइट आहे, कृपया नोंद घ्यावी." मग डिरेक्टऱ्या, म्हणजे विषयवार साइटींच्या मोठ्या याद्या. तिथं परदेशात बसलेली खरीखुरी माणसं तुमचा अर्ज वाचून तुम्हाला आत घ्यायचं की नाही ते ठरवायची. मग दुसऱ्याच्या साइटवर आपली लिंक आणि आपल्या साइटवर त्याची लिंक, ही देवघेव. जितके जास्त लोक तुमच्याकडं बोट दाखवतील तितके तुम्ही सर्च इंजिनच्या नजरेत मोठे. हे तत्त्व शिरूर तालुक्याला शिकवावं लागलं नाही. ते इथं इंटरनेटच्या आधीपासून चालू होतं.

माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे कारेगावच्या रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाचे मालक, भाऊसाहेब. सोन्याचं कडं, पांढरा सफारी, आणि इंटरनेटवर अपार विश्वास. त्यांच्या साइटचा अर्ज एका नावाजलेल्या डिरेक्टरीला करायचा होता. नियम असा होता की वर्णन पंचवीस शब्दांत द्यायचं आणि त्यात स्वतःची स्तुती करायची नाही.

"म्हंजी कसं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"म्हणजे भव्य, सुसज्ज, सुप्रसिद्ध, असलं काही चालत नाही."

"आन् मंग राह्यलं काय? हॉल आन् संडास?"

"हो. तेवढंच लिहायचं."

भाऊसाहेब मनातून दुखावले. अख्ख्या आयुष्यात त्यांनी विशेषणाशिवाय एकही कागद छापला नव्हता. शेवटी मी 'लग्नासाठी हॉल, स्वयंपाकघर, पार्किंग, शिरूर' एवढं पाठवलं. आठ महिन्यांनी ते मंजूर झालं. भाऊसाहेबांनी त्या दिवशी पेढे वाटले, मात्र यादीत आपलं वर्णन काय आहे ते कुणाला दाखवलं नाही.

तेव्हा प्रत्येक साइटच्या तळाशी एक आकडा असायचा, आजवर किती लोक येऊन गेले त्याचा. तो शून्यापासून सुरू होतो हे ऐकल्यावर भाऊसाहेब खुर्चीतून उठलेच. "लग्नाच्या हॉलात शून्य मानूस? आपशकुन हाय त्यो!" मग आम्ही दहा हजार एकपासून सुरुवात केली. वरचा एक महत्त्वाचा, आहेराच्या पाकिटातल्या रुपयासारखा. पुढं त्यांच्या मॅनेजरला दुसरं काम उरलं नाही. तो सकाळपासून पान उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा, आणि संध्याकाळी मालकाला सांगायचा, आज साडेतीनशे लोक येऊन गेले. मालक खूश, मॅनेजर खूश. मी खूश कारण तो माझ्याच दुकानात तासावर बसून हे करत होता.

पाहुण्यांच्या वहीत, म्हणजे साइटवर येणाऱ्याने चार शब्द लिहायच्या जागेत, एकदा परदेशातून अभिप्राय आला. "ग्रेट साइट, व्हेरी इन्फर्मेटिव्ह, आय विल कम अगेन." खाली कसल्याशा गोळ्यांच्या दुकानाची लिंक. असले अभिप्राय एक यंत्र दिवसाला हजारो ठिकाणी टाकत असतं, हे भाऊसाहेबांना सांगायचा माझा धीर झाला नाही. त्यांनी तो छापून घेतला, फ्रेम केला आणि हॉलच्या ऑफिसात, वधूवरांची नावं लिहायच्या फळ्याशेजारी टांगला. पुन्हा येणार म्हणून लिहिलेला तो पाहुणा खरंच पुन्हा आला. महिनाभरात चारशे वेळा.

आणि लिंकची देवघेव! भाऊसाहेबांच्या चुलतभावाचं, तात्यांचं, ट्रॅक्टरचं शोरूम होतं. दोघांच्या लिंका एकमेकांच्या आणि भावकीतल्या बाकीच्यांच्याही पानावर लावायच्या होत्या. झालं, लग्नपत्रिकेचा सगळा तिढा कॉम्प्युटरवर आला. वर कुणाचं नाव, खाली कुणाचं? वयाने मोठे कोण, मानाने मोठे कोण, पत्रिकेत मागच्या वेळी कुणाला 'प्रेषक'मध्ये ढकललं होतं? भावकीत कुणीही कुणाच्या खाली यायला तयार होईना. पंधरा दिवस मी दोघांचे फोन घेतले. शेवटी मी सगळी नावं सरकत्या पट्टीवर टाकली. नावं गोल गोल फिरत राहायची, कुणीच पहिलं नाही, कुणीच शेवटचं नाही. लोकांना ती पट्टी वाचता यायची नाही, लिंकवर क्लिक करायला गेलं की ती पळून जायची, पण भावकी शांत झाली. माझ्या कारकिर्दीतला हा सर्वांत यशस्वी तांत्रिक तोडगा.

घोडनदीकाठच्या एका गावाची साइट केली तेव्हा ग्रामपंचायतीने गावाचा नकाशा हाताने काढून दिला होता. मारुतीचं देऊळ, मशीद, दूध डेअरी, शाळा, सगळं होतं. आमच्या लोकांची वस्ती नेमकी राहून गेली होती, चुकून, अर्थात. मी ती बुद्धविहारासकट जागच्या जागी काढली आणि नकाशा चढवला. कुणी काही बोललं नाही. ज्याच्या हातात माऊस, त्याच्या हातात गाव, हे तेव्हा अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

असं माझं बरं चाललं होतं. थट्टा करत, थट्टा पचवत. मग अन्वरमामा आले आणि माझ्या बोर्डावरची ओळ कुणीतरी पहिल्यांदा मनापासून खरी मानली.

अन्वरमामा तांबोळी दौंडचे. रेल्वेत फिटर होते, माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. आमची क्वार्टर आणि त्यांची क्वार्टर एका रांगेत, त्यांच्या हातची शिरखुर्म्याची वाटी आमच्याकडं आणि आमच्याकडची खीर त्यांच्याकडं, असं माझं लहानपण. निवृत्त झाल्यावर मामांनी घराच्या पडवीत एक यंत्र बनवलं होतं. जुन्या सायकलचं चाक, तिचंच हँडल, आणि चाकाबरोबर फिरणारा एक पत्र्याचा डबा. डब्याला ओळीने भोकं. डब्यात कांद्याचं बी भरायचं आणि यंत्र शेतातून ढकलत न्यायचं, की बी सरळ रेघेत मोजून पडतं. बायांचं वाकून वाकून कंबरडं मोडायचं काम अर्ध्या दिवसात उरकतं. आजूबाजूच्या शेतकऱ्यांना मामांनी अशी पाच-सहा यंत्रं करून दिली होती.

ते आले तेव्हा त्यांच्या हातात एक रंगीत पत्रक होतं. शेजारच्या तालुक्यातल्या एका अवजारांच्या विक्रेत्याने तेच यंत्र निळा रंग देऊन बाजारात आणलं होतं. वर लिहिलं होतं, 'आमचा स्वतःचा शोध.'

"पोरी, तुझ्या बोर्डावर लिव्हलंय ते खरं हाय का?" मामांनी विचारलं.

"का हो मामा?"

"दौंडला शेतीचं प्रदर्शन भरतंय. कारागिराचा सत्कार हाय. मी म्हनलं, ह्ये माझं हाय. तर तिथला सायब म्हनतो, पुरावा काय? आमी नेटवर टाकून बघू, जो पैला येईल त्याचं खरं. आता त्या निळ्यावाल्याचं हाय नेटवर. माझं न्हाई."

"तुम्हाला काय पाहिजे, यंत्र विकायचंय?"

"न्हाई गं. यंत्र कुनीबी बनवा, कुनीबी इका. पर पैलं कुनी केलं ते कुठंतरी लिव्हलेलं पायजे का न्हाई?"

जो पहिला येईल त्याचं खरं. मला हसू यायला हवं होतं, कारण पहिला नंबर कसा येतो ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण त्या साहेबाला तो भ्रम विकणाऱ्यांत मीही होतेच की. मी मामांना म्हटलं, "पहिल्या नंबरला आणते. माझ्याकडून." प्रदर्शनाला तीन आठवडे होते.

तोवर ब्लॉग नावाची सोय आली होती. फुकटात पान मिळायचं, मराठीत थेट लिहिता यायचं. मामा दोन दिवस माझ्या शेजारी बसले आणि यंत्र कसं बनवायचं ते सगळं सांगितलं, काही न लपवता. त्यांच्या डोळ्यांत मोतिबिंदू पिकत आला होता, म्हणून पडद्यावरचं मीच त्यांना वाचून दाखवायची. त्यांचं सांगणं मी तसंच ठेवलं. त्यात एक वाक्य होतं, 'बी भरल्यावर डबा कानाशी धरून हलवावा, कोरडं बी बोलतं, ओलं बी गप बसतं.' मी इतकी पानं चढवली होती आयुष्यात, पण त्यातलं एकही वाक्य मला इतकं आवडलं नव्हतं. खाली त्यांचं नाव, गाव, यंत्र हातात धरून काढलेला फोटो.

मग मी कामाला लागले. माझ्याकडं एक सॉफ्टवेअर होतं, एक बटण दाबलं की चारशे डिरेक्टऱ्यांना अर्ज. दाबलं. ज्या ज्या गप्पांच्या साइटीवर माझं खातं होतं तिथल्या प्रत्येक गटात दुवा टाकला. शेतीच्या गटात टाकला, ठीक आहे. पण सिनेमाच्या गाण्यांच्या गटात, नोकरीच्या गटात आणि 'मला चहा आवडतो' नावाच्या गटातही टाकला. आठवड्याने मामांचं पान सर्च इंजिनात तिसऱ्या पानावर आलं. निळा विक्रेता पहिल्यावर ठाण मांडून होता.

राहता राहिली ती मतांची साइट. तिथं कुणीही एखादा दुवा द्यायचा आणि बाकीच्यांनी त्याला मत द्यायचं. मतं जास्त पडली की दुवा साइटच्या दर्शनी पानावर झळकायचा, आणि तिथं झळकला की सर्च इंजिनही त्याला सलाम ठोकायचं. मला तीस-चाळीस मतं हवी होती, आणि प्रत्येक मताला वेगळ्या माणसाचं खातं.

मतदार माझ्याकडं तयार होते. सरकारी नोकरांना तेव्हा कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट सक्तीचं झालं होतं, नाहीतर पगारवाढ अडायची. त्यामुळं माझ्याकडं प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी अशी पन्नाशीतली मंडळी क्लासला होती. बॅचचे म्होरके जगताप गुरुजी. मी त्यांना मामांची हकीकत सांगितली आणि मतांचं विचारलं.

"किती लागतील?" गुरुजी म्हणाले.

"चाळीसेक."

"बस? मॅडम, पंचवीस वर्षं निवडणुकीची ड्यूटी केलीय आम्ही. सोमवारी अकराला केंद्र सुरू करू."

मला वाटलं होतं, सगळे येतील, बटण दाबतील, जातील. पण गुरुजींनी खरोखर मतदान केंद्र उभं केलं. दाराशी एक टेबल, त्यावर मतदारयादी. ओळखपत्र बघून नाव पुकारायचं, यादीत खूण करायची. जिन्यात रांग, बायांची वेगळी. कॉम्प्युटरभोवती झेरॉक्सच्या कागदांच्या खोक्यांचा आडोसा. एकाने आत, एकाने बाहेर. एक शिक्षिका पासवर्ड विसरली तर गुरुजींनी तिला परत पाठवलं. तिच्या जागी दुसऱ्या कुणाच्या खात्यातून मत द्यायला त्यांनी साफ नकार दिला. "मॅडम, असली सवय लागली की सुटत नाही," ते मला म्हणाले. एक ग्रामसेवक आडोशामागून ओरडला, "ह्यात खालच्या दिशेचाबी बाण हाय, त्यो कशाला?" गुरुजी म्हणाले, "विरोधात मत द्यायचं असेल तर. गुप्त मतदान आहे, आम्हाला सांगायचं नाही." आणि त्या पठ्ठ्याने, कांद्याच्या यंत्राशी काय वैर होतं कुणास ठाऊक, ते दाबलं!

दुपारी एकला गुरुजींनी निकाल जाहीर केला. बाजूने बेचाळीस, विरोधात एक. टाळ्या झाल्या, चहा झाला. शिरूर तालुक्यात इतकं स्वच्छ मतदान त्याआधी झालं नसेल आणि त्यानंतर तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुवा गायब. आमची त्रेचाळीस खाती बंद. निरोप इंग्रजीत होता, त्याचा अर्थ असा की ही सगळी मतं एकाच ठिकाणाहून, एकाच यंत्रावरून, दोन तासांत पडलेली आहेत, तेव्हा हा एकाच इसमाचा खोटेपणा आहे.

"एकच इसम?" गुरुजी तांबडे झाले. "मी स्वतः ओळखपत्रं तपासली!" त्यांनी मतदारयादी स्कॅन करून, खाली सही-शिक्का मारून त्या कंपनीला पाठवायला लावली. विरोधात पडलेल्या मताचाही सविनय उल्लेख केला, म्हणाले, "खोटं मतदान करणारा स्वतःच्या विरोधात मत देईल का?" मुद्दा बिनतोड होता. उत्तर आलं नाही.

पण खरं संकट त्याच्या पुढच्या दिवशी आलं. मामांचा ब्लॉगच उघडेना. चारशे डिरेक्टऱ्या, चहाचा गट आणि वरून हा बोगस मतदानाचा डाग, हे सगळं पाहून ब्लॉगवाल्या कंपनीच्या यंत्राने ठरवलं की हे पान म्हणजे कचरा. कुलूप लावलं. तक्रारीसाठी एक चौकोन होता, त्यात मी रोज लिहायची. तिकडून रोज एकच ठरीव उत्तर यायचं, तुमचं म्हणणं आम्हाला मिळालं. मी मजकुराची प्रत कुठं ठेवली नव्हती. लोकांना 'बॅकअप घ्या' म्हणून शिकवायची मी फी घेत होते.

चार दिवसांवर प्रदर्शन. मी दौंडला गेले. मामा पडवीत बसले होते. मी सगळं सांगितलं.

"मंग आता नेटवर मी न्हाईच का?" त्यांनी विचारलं.

"नाही मामा."

"आदी तरी व्हतो का?"

"तिसऱ्या पानावर होता."

"आन् लोक कितव्या पानापत्तुर जात्यात?"

"पहिल्याच."

ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, "चा घेती ना?" मला रडू आलं. भाऊसाहेबांसारख्यांना मी पाच वर्षं गंडवलं, त्याची मला कधी टोचणी लागली नव्हती, कारण त्यांना गंडवून घ्यायची हौस होती. या माणसाने एकच गोष्ट मागितली होती, ती करायची म्हणून मी माझी सगळी विद्या वापरली आणि त्याचं होतं नव्हतं ते नाव पुसून टाकलं. तिसऱ्या पानावर आल्यावर गप्प बसले असते तरी नाव तिथं राहिलं असतं.

सत्काराला मी गेले. मांडवात साहेबांनी मोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर नेटवर शोधून दाखवलं. पहिला निळा विक्रेता. टाळ्या, शाल, नारळ. मी मामांना शोधत होते. ते स्टेजच्या बाजूला ठेवलेल्या निळ्या यंत्राशी उकिडवे बसून खालून काहीतरी बघत होते. मला म्हणाले, "बेरिंग हलकं टाकलंय. एक हंगाम चालंल." आणि उठून घरी गेले.

त्यानंतर मी बोर्डावरची चौथी ओळ पुसून घेतली. तोच पेंटर आला होता. त्याने काही विचारलं नाही, तेवढा त्याचा चांगुलपणा. पुढं प्रत्येकाच्या खिशात इंटरनेट आलं आणि दुकानात झेरॉक्स तेवढी उरली.

तीनेक वर्षांनी, दुकान बंद करायच्या आधी, एक दिवस मी रिकामी बसले होते. कुणाचं लिखाण कुठं गेलंय ते शोधायची एक युक्ती असते. त्यातलं एखादं वाक्य जसंच्या तसं अवतरणचिन्हांत घालून शोधायचं. मी सहज लिहिलं, 'कोरडं बी बोलतं, ओलं बी गप बसतं.'

पडदा भरून गेला. शेतीच्या साइटी, सल्ल्याची पानं, कुण्या तरुण शेतकऱ्याचा ब्लॉग, आणि त्या निळ्या विक्रेत्याची साइटसुद्धा. मामांचं पान मरण्याआधीच्या त्या थोड्या दिवसांत कुणीतरी ते उचललं होतं, त्याच्याकडून दुसऱ्याने, दुसऱ्याकडून तिसऱ्याने. मामांचं सगळं सांगणं शब्दशः होतं. फक्त खालचं नाव गाळलेलं. कुठं 'संकलन' म्हणून भलत्याच माणसाचं, कुठं नुसतं 'साभार', कुणाचे आभार ते नाही.

मी पेटले. सगळी पानं छापली आणि दौंडची एसटी पकडली. वाटेत भांडणाचे मसुदे मनात तयार होत होते. मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, नवा चष्मा होता. म्हटलं, "बघा मामा, सगळ्यांनी तुमचं चोरलंय. ओळ न् ओळ. नाव मात्र कुणी टाकलं नाही."

मामांनी कागद घेतले. आपलंच सांगणं ते पहिल्यांदा स्वतः वाचत होते. बोट ओळीखाली सरकत होतं. अर्ध्यात ते थांबलं. दुसरा कागद घेतला, मग तिसरा, बोट त्याच जागी.

"पोरी, ह्ये तीन कुनी केलं?"

"कुठलं तीन?"

"डब्याचं भोक. तीन सूत लिव्हलंय. दोन सूत पायजे. तिनानं बी दुप्पट पडतंय, रोप दाटतंय, कांदा पोसत न्हाई. कुनी केलं ह्ये?"

सगळ्या कागदांवर तीनच सूत होतं, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढ्या लोकांनी वेगवेगळी एकच चूक करणं शक्य नव्हतं. मी केली होती. मामा 'दोन' म्हणाले, मी वाचून दाखवताना 'दोन'च वाचलं असणार, कारण कानात तेच होतं, आणि टाइप केलं तीन.

"मी," मी म्हटलं. "माझी चूक आहे ती, मामा."

त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडं बघितलं, कागदांच्या गठ्ठ्याकडं बघितलं. किती लोकांनी हे वाचून यंत्र केलं असेल, कुणाचं किती महागाचं बी दाट पडून वाया गेलं असेल, हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होता. मग ते म्हणाले,

"बरं झालं, खाली माझं नाव न्हाई."

तीन वर्षं जी गोष्ट मला खात होती ती त्यांनी अशी एका वाक्यात उलटी करून माझ्यापुढं ठेवली.

"आता दुरुस्ती लिव्ह," ते म्हणाले. "समद्यांच्या पानावर. लिव्हता येती का तशी?"

"येते. खाली कमेंट टाकता येते."

"मंग टाक. आन् तिच्याखाली मातुर माझं नाव घाल, गाव घाल. चूक काडनाऱ्याचं नाव नसलं तर कोन कशाला ऐकंल?"

मी शिरूरला येऊन प्रत्येक पानावर कमेंट टाकली. या खेपेला टाकण्याआधी चार वेळा वाचली, मामांना फोनवरून ऐकवली, आकडा अक्षरात लिहिला. काही साइटींनी ती कचरा म्हणून फेकली. माझी ख्याती त्यांच्यापर्यंत पोचली असावी. काहींनी मंजुरीसाठी ठेवली, ती अजून ठेवलेलीच आहे. निळ्या विक्रेत्याने कमेंट काढून टाकली आणि गुपचूप आपल्या पानावर तिनाचं दोन केलं. मी मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "झालं की काम."

मामा आता नाहीत. त्या तरुण शेतकऱ्याच्या ब्लॉगवर ती कमेंट मात्र अजून आहे. 'डब्याचे भोक दोन सूत पाडावे, तीन नव्हे. बी वाया जाते. अन्वर तांबोळी, दौंड.' एवढ्या वर्षांच्या धंद्यात मी पहिल्या नंबरला आणलेलं हे एकमेव नाव. त्या पानाखाली दुसरी कमेंट कुणी केलेलीच नाही.